सात स्पर्धांत पहिल्याच मॅचला बाहेर: कोच काढायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वणी तालुक्यातल्या एका गावाचं फुटबॉल मंडळ. मागच्या हंगामात दोन स्पर्धांच्या फायनलला गेलेला हा संघ या दिवाळीपासून सात स्पर्धा खेळला आणि सातही ठिकाणी पहिल्याच मॅचला बाहेर पडला. कोच गावातलेच, जुने खेळाडू, महिना चार हजार मानधनावर. कमिटीतले अर्धे लोक म्हणतात की २६ जानेवारीच्या स्पर्धेआधी त्यांना बदला. तालुक्यातले एक जिनिंगवाले शेठ नागपूरहून कोच आणायला तयार आहेत, त्याचे महिना पंधरा हजार तेच देणार. मंडळाच्या सचिवांनी विचारलं आहे, काय करावं? सोबत सातही मॅचचे स्कोअर आणि कोणता गोल कसा झाला, याची वहीतली पानं पाठवली आहेत.

सचिव भाऊ, पहिले तर त्या वहीसाठी शाबासकी. स्कोअर सगळेच लिहितात. गोल कसा खाल्ला हे लिहिणारं मंडळ मी आपल्या भागात क्वचित पाहिलं. माझं उत्तर त्या वहीवरच उभं आहे.

उत्तर आधी देतो: २६ जानेवारीच्या आधी काढू नका. होळीपर्यंत त्यांनाच राहू द्या, तोवर काही कामं त्यांनी करायची आणि काही तुम्ही, आणि होळीनंतर शांतपणे बसून ठरवा. मी शाळेत पी.टी. शिकवली, वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात पोट्ट्यांना वर्षानुवर्षं खेळवलं, मंडळांनी मला कोच म्हणून काढलं आहे, आणि कमिटीत बसून मीही कोच काढले आहेत. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या माहीत आहेत म्हणून एवढं ठाम बोलतो.

आता तुमचे स्कोअर बघू. ०-१, १-२, ०-१, मग १-१ होऊन टायब्रेकरवर हार, मग २-३, ०-४ आणि १-२. सात हार म्हटलं की अंगावर काटा येतो, पण यातल्या पाच एका गोलच्या आणि एक टायब्रेकरची. खऱ्या अर्थाने मार खाल्ला तो फक्त ०-४ ला, आणि ती मॅच नागपूरच्या अकादमीच्या पोरांशी होती, जी वर्षभर रोज खेळतात. फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी होतात. जगातल्या मोठ्या लीगमध्येसुद्धा एका मॅचला दोन्ही संघांचे मिळून अडीच-तीन गोल पडतात. म्हणून एका गोलच्या निकालात खेळाइतकाच हात नशिबाचाही असतो. बॉल पोलला लागून आत गेला की कोच हुशार, बाहेर आला की कोच बिनकामाचा.

त्यात आपल्याकडच्या गावोगावच्या स्पर्धा नॉकआउट. हरले की गाडी भरून घरी. म्हणजे सात स्पर्धा म्हणजे एकूण सातच मॅच, त्याही वीस-वीस नाहीतर पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एक संघ हंगामात ३८ मॅच खेळतो, नव्वद-नव्वद मिनिटांच्या. तिथे सात मॅच म्हणजे हंगामाचा पाचवा हिस्साही होत नाही, आणि तेवढ्यावर कोच काढला तर तिथलेही लोक नावं ठेवतात. शिवाय पहिली मॅच कोणाशी हे ठरवणाऱ्या तुमच्या चिठ्ठ्या पाहा. सातांपैकी तीनदा पहिल्याच फेरीत कोळसा खाणीच्या कॉलनीचा संघ आला, एकदा नागपूरजवळच्या कामठीचा. कामठीत पोरगं चालायला लागलं की बॉलला पाय मारतं, ती छावणीच्या काळापासूनची परंपरा आहे. मागच्या वर्षी फायनलला गेलात तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांत तुमच्या वाट्याला कोण आलं होतं, तेही एकदा वहीत बघा. त्या वेळी चिठ्ठी कोचने चांगली काढली असं कोणी म्हटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही पत्राच्या मधोमध सहज लिहून गेलात: गोलकीपर पोलीस भरतीत लागला आणि स्टॉपर, म्हणजे गोलपुढे मधोमध बचाव करणारा, चाकणला कंपनीत गेला. अहो, इथेच अर्धं उत्तर आहे. गावातल्या संघाचा कणा म्हणजे गोलकीपर, स्टॉपर आणि मधला एक डोकेबाज पोट्टा. त्यातले दोन एका उन्हाळ्यात गेले. दोघांनाही नोकरी लागली ही आनंदाची गोष्ट, आणि त्यातलं थोडं श्रेय कोचचंही असणार. भरतीच्या धावण्याला जो दम लागतो तो ग्राउंडवरच तयार होतो. पण त्यांच्या जागी आले कोण? सतरा वर्षांचा, उंचीने कमी असलेला नवा गोलकीपर आणि विंगवरून मागे आणलेला स्टॉपर. आता वहीतली पानं बघा. एकूण १४ गोल खाल्ले. अकादमीच्या मॅचचे ४ सोडले तर १० उरतात. त्या १० पैकी ६ कॉर्नर किंवा फ्री किकवरून हवेत आलेल्या बॉलवर. हा संघ पायाने हरत नाही आहे, डोक्यावरून हरतो आहे, आणि नवा गोलकीपर-स्टॉपर जमेपर्यंत हे होणारच. कोणताही कोच आणा, त्यालाही हीच दोन पोरं मिळणार.

तरी कमिटीतले लोक म्हणतील, "काही का असेना, नवा माणूस आला की फरक तं पडतेच ना." पडतो, आणि तो आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून हा मुद्दा टाळता येत नाही. नवा कोच आला की बेंचवर बसलेले पोट्टे जीव तोडून धावतात, कारण त्यांची पाटी कोरी झालेली असते. आधीपासून खेळणारेही जागा जाईल या धाकाने धावतात. तीन-चार मॅच झकास जातात.

पण त्यात दुसरीही एक गंमत आहे. बास टेर वील नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे निकाल घेऊन हेच तपासलं. कोच काढल्यावर संघ सुधारतो का? सुधारतो. मग त्याने तसेच गाळात गेलेले, पण कोच न काढलेले संघ शेजारी ठेवले. तेही जवळपास तेवढेच सुधारले होते. कारण साधं आहे. आपण कोच काढतो तो संघ अगदी तळाला असताना, आणि तळाला गेलेला मधल्या दर्जाचा संघ तिथून बहुतेक वेळा वरच येतो. ताप उतरायच्या दिवशी ज्या डॉक्टरने सुई दिली त्याच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणतं, तसलाच प्रकार.

मोठ्या क्लबांचं एकच उदाहरण देतो, कारण ते दोन्हीकडून बोलतं. लेस्टर सिटी २०१६ मध्ये इंग्लंडची लीग जिंकला. कोच क्लॉडिओ रानिएरी. कोणाच्या स्वप्नातही नव्हतं ते. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्याच रानिएरीला काढलं, कारण संघ घसरून खालच्या लीगमध्ये जाण्याच्या काठावर आला होता. त्यांचा सहायक क्रेग शेक्सपियर याला बसवलं. लागोपाठ पाच लीग मॅच जिंकल्या, संघ बाराव्या नंबरवर राहिला, सगळे खूश. जूनमध्ये त्याला कायम केलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाही काढलं. काढणं बरोबर होतं की चूक? संघ वाचला म्हणून बरोबर म्हणणारे आहेत, आणि मलाही ते अगदी खोटं वाटत नाही. पण त्यांना खाली जायची भीती होती, कारण खाली गेलं की टीव्हीचा कोट्यवधींचा पैसा जातो. तुम्हाला कोणत्या लीगमधून खाली जायचं आहे? २६ जानेवारीची स्पर्धा हरलात तर पुढची स्पर्धा फी भरून तशीच खेळता येते. घाई करायचं जे कारण त्यांच्याकडे होतं, ते तुमच्याकडे नाही.

आपल्या देशाच्या संघाचंच बघा ना. इगोर स्टिमॅक २०१९ पासून कोच होते. जून २०२४ मध्ये कतारकडून २-१ ने हरून वर्ल्ड कप पात्रतेच्या पुढच्या फेरीची संधी गेली आणि भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना काढलं. ते हकनाक गेले असं मी म्हणत नाही, पाच वर्षं भरपूर असतात. त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले, आठ मॅचमध्ये एक जिंकली, २०२५ च्या जुलैत तेही गेले. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून २-१ ने हरून आपण आशिया कपच्याही बाहेर. सव्वा वर्षात तिसरा कोच, आणि मधल्या काळात गोल मारायला माणूस नाही म्हणून सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. नऊ नंबरची, म्हणजे गोल मारणाऱ्याची, जागा रिकामी असेल तर कोच बदलून ती भरत नाही. तुमच्या गोलकीपरच्या जागेचंही तेच.

हेच खालिद जमील आधी मुंबई एफसीला सात वर्षं होते. तिथून त्यांना सोडलं आणि ते मिझोरामच्या आयझॉल एफसीला गेले. आयझॉल त्याआधीच्या हंगामात खालच्या लीगमध्ये घसरलेला, कशीबशी परत जागा मिळालेला क्लब. त्याच क्लबने २०१७ मध्ये आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकली. ज्यांना कोच बदलायचा आहे ते हे उदाहरण देतील, बघा, नवीन कोच आला आणि चमत्कार झाला! पण मुंबईच्या बाजूने पाहिलं तर उलटं दिसतं: ज्याला जाऊ दिलं त्याने दुसऱ्याच वर्षी दुसरीकडे लीग जिंकून दाखवली. माणूस तोच. ग्राउंड, पोरं आणि कमिटी वेगळी.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो, कारण "वाट बघा" एवढं सांगून कमिटी गप्प बसणार नाही.

एका सकाळी न सांगता प्रॅक्टिसला जा. कडेला लोकांशी गप्पा मारत उभे राहू नका, गोलच्या मागे बसा आणि मोबाईल खिशात ठेवा. पहिली गोष्ट: कोच यायच्या आधी पोरं काय करतात? आपापल्या जोड्या करून पास खेळत असतील, तर तो कोच त्यांच्या अंगात उतरला आहे. शेकोटीभोवती हात शेकत असतील तर विचार करा, अर्थात जानेवारीच्या थंडीत दहा मिनिटं माफ. दुसरी: बॉल किती आणि रांग किती लांब? अठरा पोरं आणि तीन बॉल असतील, आणि शूटिंगची एकच रांग असेल, तर एका पोराच्या पायाला दहा मिनिटांत दोनदा बॉल लागतो. बाकी वेळ तो मागच्याशी चेष्टा करतो. चांगला कोच अशा वेळी तीन रांगा करतो, नाहीतर चार-चारच्या छोट्या मॅच लावतो. बॉल कमी असणं हा कोचचा दोष नाही, पण कमी बॉलमध्ये सगळ्यांना हलतं ठेवणं त्याचं काम आहे.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: पोरगं चुकल्यावर कोच काय म्हणतो. "अरे मार ना बे!" हे ओरडणं झालं. "तू बॉलकडे पाहत होता, तुझ्या मागचा माणूस कुठं होता?" हे शिकवणं झालं. गोलच्या मागे बसून तासाभरात या दोन्हींतलं किती ऐकू येतं ते मनात धरा. ओरडणं जास्त असलं तरी लगेच निकाल देऊ नका, आपल्याकडे ओरडणं हा बोलण्याचाच प्रकार आहे. पण शिकवणं एकदाही ऐकू आलं नाही तर मात्र माझं मत बदलेल.

आणि वहीत सहा गोल हवेतले आहेत, तर प्रॅक्टिसमध्ये कॉर्नर होतो का ते नक्की बघा. दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, एवढंच लागतं. जवळच्या पोलवर एक पोरगा उभा, बॉल आला की "कीपर!" असा गोलकीपरचा आवाज, आवाज आला की बाकीच्यांनी वाट सोडायची, आवाज नाही आला तर स्टॉपरने पुढे होऊन डोकं लावायचं. कमी उंचीच्या गोलकीपरला गर्दीत उडी मारून बॉल पकडायला सांगू नये, मुठीने बाहेर ठोसायला शिकवावं. सात मॅच असे गोल खाऊनही हे होत नसेल, तर तो कोचचा दोष आहे आणि तो त्यांच्या तोंडावर सांगा. त्याच वेळी, तुम्हीच लिहिलंय की गोलकीपरकडे धड ग्लोव्हज नाहीत. मग तो ओल्या बॉलला मुठी कशा मारणार? तो कमिटीचा दोष.

एका गोष्टीत मात्र तुमचे कोच मला चुकतात असं वाटतं. दोन जुने खेळाडू त्यांच्यावर रागावलेत, कारण "प्रॅक्टिस नाही तर मॅच नाही" या नियमाने त्यांना बसवलं. शहरात हा नियम चालतो. आपल्याकडे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी असते, मजुरी किलोवर, आणि घरची सगळी माणसं शेतात असतात. दिवसभर वाकून वेचलेला पोट्टा संध्याकाळी ग्राउंडवर येतो तोवर अंधार पडतो, हिवाळ्यात सहा वाजता बॉल दिसत नाही. सकाळची प्रॅक्टिस साडेपाचला ठेवली तर तो येईल, पण त्याच्या पायात दम नसेल. त्याला प्रॅक्टिस बुडवली म्हणून बेंचवर बसवणं म्हणजे त्याच्या घरच्या चुलीला शिक्षा देणं. वेचणीच्या महिन्यांत नियम सैल करावा, आठवड्यातून दोन हजेऱ्या पुऱ्या मानाव्या, आणि तूर-हरभरा निघाला की पुन्हा घट्ट करावा. कोचना हे समजावणारा माणूस कमिटीतला नको, वेचणीला जाणाऱ्या पोरांपैकीच एखादा बापमाणूस असू द्या. ते ऐकतील असं मला वाटतं, कारण तेही याच मातीतले आहेत. नागपूरहून येणाऱ्याला वेचणी म्हणजे काय हेच आधी सांगावं लागेल.

मातीवरून आठवलं. तुमचं ग्राउंड काळ्या मातीचं आहे. पावसात बूट रुततो, म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंत प्रॅक्टिस जवळपास बंदच. कॉलनीच्या संघाकडे मुरमाचं ग्राउंड आहे, पाऊस थांबला की तासाभरात खेळता येतं. ते तुमच्यापेक्षा तीन महिने आधी सुरू होतात. त्यांच्याशी तुम्ही एका गोलने हरलात ही खरं म्हणजे कोचच्या बाजूची गोष्ट आहे.

आता नागपूरच्या कोचबद्दल. शेठचा हेतू चांगलाच असेल, पण काही साधे प्रश्न विचारा. नागपूर ते वणी सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, तो राहणार कुठे? फक्त शनिवार-रविवार येणार असेल तर मंगळवारी सकाळी पोरांना कोण उठवणार? महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचं सुरुवातीचं प्रमाणपत्र, आहे का, आणि असेल तर मूळ कागद पाहिला का? पंधरा हजार होळीपर्यंत की वर्षभर? आणि जो पंधरा हजार देतो, त्याचा भाचा उद्या संघात आला तर त्याला बसवायची हिंमत त्या कोचमध्ये असेल का? हे शेवटचं गमतीने म्हटलं, पण तुम्हाला कळलं असेल.

काढणं फळाला आलं अशी उदाहरणं आहेत, लपवत नाही. बायर्न म्युनिकने नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टकडून ५-१ ने मार खाल्ल्यावर निको कोवाचला काढलं आणि हान्सी फ्लिकने त्याच हंगामात तीन मोठे कप आणले. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्डला काढलं, थॉमस टुखेल आला, मे महिन्यात युरोपची चॅम्पियन्स लीग. पण दोन्हीकडे पोरं आधीच जगातली नामी होती. आणि फ्लिक बायर्नमध्ये सहायक म्हणून आधीच बसलेला होता, त्याला पोरांची नावं शिकावी लागली नाहीत. तुम्हाला बदल करायचाच असेल तर त्याच धाटणीने करा. संघातला एखादा तिशीतला, डोक्याने शांत खेळाडू आतापासून कोचच्या हाताखाली द्या. होळीनंतर बदलायची वेळ आली तर माणूस तयार असेल, नाही आली तर कोचना सहायक मिळेल.

काही कारणं अशी आहेत की तिथे होळीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी काढायचं: पोरांवर हात उचलणं, पिऊन ग्राउंडवर येणं, संघात घ्यायला पैसे मागणं, मुलामुलींशी वावगं वागणं. यातलं काहीही असेल तर स्कोअर बघू नका, संघ जिंकत असला तरी नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी बाकीचं एवढं लांबवून बोलतो आहे.

आणि हेही एकदा कमिटीत ठरवा की कोचकडून तुम्हाला नेमकं काय पाहिजे. कप पाहिजेत की पोरं? नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केलं, तेव्हा त्यांना कप मिळवायचा नव्हता, पोरं वाईट नादापासून दूर ठेवायची होती, आणि त्यांचं काम त्या मापाने मोजलं गेलं. तुमच्या मंडळाने कोचना कधी माप सांगितलंच नाही, असं मला पत्रावरून दिसतं. मागच्या वर्षी दोन फायनल झाल्या, तेव्हा ते माप आपोआप कप झालं. होळीनंतर बसाल तेव्हा हे कागदावर लिहा: कोचचं काम काय, मानधन किती, आणि सोडायचं किंवा काढायचं झालं तर किती दिवसांची आगाऊ सूचना. स्टिमॅकला करार संपण्याआधी काढलं तर महासंघाला चार लाख डॉलर भरपाईची तडजोड करावी लागली. तुमची रक्कम चार हजारांचीच आहे, पण गावात भांडण चार हजारांवरूनही पिढीभर चालतं.

होळीपर्यंत मैत्रीच्या मॅचही खेळा. आजूबाजूच्या तीन गावांना बोलवा, चार संघांची लीग लावा, प्रत्येकाशी दोनदा. फी नाही, कप नाही, जेवण ज्याच्या गावी त्याचं. सहा मॅच मिळतील, हरल्यावरही पुढच्या रविवारी परत खेळायला मिळेल. नवा गोलकीपर आणि स्टॉपर तिथेच जमतील, आणि होळीनंतर बसाल तेव्हा नॉकआउटच्या सात चिठ्ठ्यांऐवजी हातात खरा हिशेब असेल. त्या सहा मॅचमध्ये कॉर्नरवर पुन्हा तेच गोल खाल्ले, आणि गोलच्या मागे बसूनही शिकवणं ऐकू आलं नाही, तर मग बदला. तेव्हा मी तुमच्या बाजूने कमिटीत बोलायला येईन.

शेठना नाराज करू नका. महिना पंधरा हजारांऐवजी एकदाच द्या म्हणावं: सहा चांगले बॉल, गोलकीपरचे ग्लोव्हज, दोन्ही गोलपुढे मुरमाची एक-एक ट्रॉली, आणि कोचच्या डी लायसन्स कोर्सची फी. मुरमाच्या ट्रॉलीवर त्यांचं नाव लिहिता येत नाही, म्हणून गोलपोस्टवर लिहा, मॅचच्या फोटोत तेच जास्त दिसतं.

बातमी कोचना पानठेल्यावरून कळता कामा नये. गावात असले ठराव व्हायच्या आधीच पसरतात आणि बहुतेक आतापर्यंत त्यांच्या कानावर गेलंही असेल. म्हणून तुम्ही आणि अध्यक्ष, दोघेच, या आठवड्यात त्यांच्या घरी जा. वही घेऊन जा. हवेतले सहा गोल त्यांच्यासमोर ठेवा, वेचणीच्या नियमाचं बोला, होळीनंतर बसणार आहोत हेही स्पष्ट सांगा. त्यांचं म्हणणं ऐका, त्यांनाही कमिटीबद्दल बरंच बोलायचं असणार.

आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही ओझरतं लिहिलंय की नोव्हेंबरपासूनचं त्यांचं मानधन थकलेलं आहे. जाताना ते पाकिटात घालून न्या. बोलणं सुरू करायच्या आधी द्या.